‘कुणाला कमी पडलं तर यातून भर’

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी तेवीस वर्षांची, सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी सुपरमार्केटात बिलिंग काउंटरला काम करते (नाव-गाव काढलंय, एक-दोन तपशील बदललेत). वसुबारसेला तिच्या काउंटरवर एक आजी आल्या, नातवाने वहीच्या पानावर लिहून दिलेली यादी, बिल पाचशेच्या वर गेलं आणि आजींकडे पाचशेचीच नोट. आजींनी आधी काजू बाजूला काढले, मग उटणं, मग तेलाच्या दोन पिशव्यांतली एक. मागे उभा असलेला एक डिलिव्हरीवाला मुलगा हळूच म्हणाला, “राहू द्या मॅडम, वरचे माझ्यात धरा,” आणि आजी दाराबाहेर जाईपर्यंत मोबाईलमध्ये तोंड घालून उभा राहिला. हे तिने नेहमी येणाऱ्या एका काकांना सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी काकांनी तीन हजारांचं पाकीट आणून दिलं, म्हणाले कुणाला कमी पडलं तर यातून भर, माझं नाव कुठे घेऊ नकोस. तिने भरले. कुणी हात जोडले, कुणाच्या डोळ्यात पाणी आलं. पाडव्याला मात्र एक बाई परत आल्या, १८० रुपये काउंटरवर आपटले आणि “मी काय तुझ्याकडे भीक मागितली होती?” असं सगळ्यांसमोर म्हणाल्या. त्यावरून मॅनेजरला कळलं, त्याने झापलं, शेजारच्या काउंटरवाली म्हणाली की तू ओळखीच्यांनाच देत होतीस. पाकिटात ११५० आणि त्या बाईंचे १८० पडून आहेत, काका पुन्हा दिसले नाहीत. ती विचारते, मी चांगलंच करत होते ना? आणि दिवाळीत एवढं मन मोठं करणारे लोक आठ दिवसांनी कॅरीबॅगच्या पैशावरून माझ्याशी भांडतात, मग दिवाळीतलं ते सगळं खोटं समजायचं का? शेवटी अर्धी ओळ आहे, “आम्हाला बोनस म्हणून सोनपापडीचा बॉक्स दिला, पण ते जाऊ दे.”

*

आधी पैशांचं बघू, कारण ते घाईचं आहे, बाकीचं निवांत बोलता येईल.

ते १३३० रुपये आजच्या आज तुझ्या पर्समधून बाहेर काढ. एका कागदावर लिही, काकांनी कधी किती दिले, कुठल्या तारखेला किती रुपये भरले, किती उरले, सगळ्यांची नावं नकोत, तारीख आणि रक्कम पुरे. तो कागद आणि पाकीट मॅनेजरच्या हातात दे, “काका आले की त्यांना विचारून ठरवू” एवढं सांग आणि कागदावर त्याची सही घे, एक फोटो काढून ठेव. मॅनेजरचा तुला राग आलाय ते पत्रात दिसतंय, पण या एका बाबतीत मी त्याच्या बाजूने आहे गं. काउंटरवर खासगी पैसे ठेवू नयेत हा नियम बहुतेक दुकानांत असतो आणि तो काही माणुसकीच्या विरोधात काढलेला नाही. रात्री गल्ला टॅली होताना शंभर रुपये कमी आले तर जेवढे प्रश्न, तेवढेच शंभर जास्त आले तरी. उद्या खरंच कुठे गडबड झाली की पहिलं बोट त्याच मुलीकडे जाणार जिच्या ड्रॉवरशेजारी एक वेगळं पाकीट होतं, आणि त्या दिवशी ‘मी चांगल्यासाठी ठेवलं होतं’ हे कुणी ऐकून घेणार नाही. काकांचा हेतू चांगला, पण जोखीम सगळी त्यांनी तुझ्या गळ्यात टाकली आणि स्वतः निवांत घरी गेले. नाव नको म्हणणं सोपं आहे, हिशोब कुणीतरी ठेवावाच लागतो ना.

शेजारचीचं म्हणणं पण एकदम उडवून लावू नकोस. तू मुद्दाम ओळखीच्यांना दिलंस असं मला वाटत नाही. पण बघ, कुणाला कमी पडतंय हे तू कशावरून ठरवत होतीस? पदरावरून, चपलेवरून, पाचशेची नोट किती घड्या घालून आणलीय त्यावरून? आपल्या ओळखीच्या माणसाची अडचण आपल्याला लगेच कळते, अनोळखी माणूस मान वर करून बोलला की त्याला काही अडचण असेल असं मनात पण येत नाही. इस्त्रीचा शर्ट घातलेल्या माणसाचा तीन महिन्यांचा पगार थकलेला असू शकतो आणि मळक्या धोतरातल्या आबांचं ऊसाचं बिल कालच जमा झालेलं असू शकतं, तुझ्या भागात तर हे तुला मी सांगायला नको.

आता त्या बाई. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तुझ्या लिहिण्यातच उत्तर सापडलं. तू लिहिलंयस, “त्यांनी साजूक तुपाची बरणी बाजूला ठेवली, मी पटकन ती परत स्कॅन केली आणि म्हटलं, ताई असू दे, झालं पेमेंट.” म्हणजे तू विचारलं नाहीस. आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात आहे की मागे त्यांच्या गल्लीतल्या दोघीजणी उभ्या होत्या.

तू धरून चाललीस की बरणी बाजूला ठेवली म्हणजे बाई अडचणीत आहेत. तसंच असेल असं नाही ना. पैसे घरी राहिले असतील, नवऱ्याने जीपे करायचं कबूल करून फोन उचलला नसेल, किंवा सरळ गोष्ट, त्यांनी मनात हिशोब केला असेल की तूप नको, यंदा डालड्यात करते शंकरपाळी. घर चालवणारी बाई हे वर्षभर करते, आणि ते नीट जमतं याचा तिला अभिमान असतो. वस्तू बाजूला ठेवणं हा तिचा निर्णय होता, तू तो मदतीची हाक समजलीस. तालुक्याच्या गावात गल्लीतल्या दोघींच्या समोर कुणीतरी आपलं बिल भरलं म्हणजे संध्याकाळपर्यंत ते कुठे कुठे पोचतं हे तुला माहितीये. त्या पाडव्याच्या दिवशी, सणाच्या दिवशी, पैसे घेऊन दुकानात परत आल्या, त्याच वेळी गर्दी बघून आल्या आणि मोठ्याने बोलल्या. सगळ्यांसमोर लागलं होतं म्हणून सगळ्यांसमोरच फेडलं. मला तर त्या बाई आवडल्या, खरं सांगते.

त्या परत दुकानात आल्या तर काउंटरवर काही बोलू नकोस. रॅककडे एकट्या दिसल्या तर जवळ जाऊन एवढंच म्हण, “ताई, त्या दिवशी मी तुम्हाला विचारायला हवं होतं, चुकलं माझं.” पाकीट, काका, तुझा हेतू, यातलं काही सांगत बसू नकोस, नाहीतर त्यांनाच तुझी समजूत काढावी लागेल. १८० रुपये परत द्यायला तर अजिबात जाऊ नकोस. ते त्यांनी दिलेत, विषय संपला.

आता आजी आणि तो डिलिव्हरीवाला मुलगा. ते का जमलं आणि हे का फिस्कटलं? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पण त्या मुलाने आजींकडे पाहिलंच नाही! आभार मानायची संधीच ठेवली नाही, मोबाईलमध्ये तोंड घालून उभा राहिला. देणाऱ्याने नाव लपवणं आपल्याकडे मोठं समजतात, काकांनी तेच केलं, पण घेणाऱ्याचं नाव झाकणं त्याहून जास्त गरजेचं असतं आणि ते कुणी फारसं बघत नाही. तुझ्या पाकिटात काका पूर्ण झाकलेले होते आणि घेणारे सगळे भर रांगेत उघडे.

याचा विचार जुन्या लोकांनी बराच केलाय. तुर्कस्तानात उस्मानी काळापासूनची एक पद्धत सांगतात, झिमेम देफ्तेरी. देफ्तेरी म्हणजे आपलं दफ्तरच, उधारीची वही. रमजानमध्ये पैसेवाला माणूस आपल्याला कुणी ओळखत नाही अशा मोहल्ल्यातल्या किराणा दुकानात जायचा, वही मागायचा आणि म्हणायचा, सुरुवातीची, मधली, शेवटची अशी काही पानं बेरीज करा. तेवढे पैसे भरायचे, ती पानं फाडायची, निघून जायचं. कुणाचं कर्ज फिटलं हे देणाऱ्याला माहीत नाही, कुणी फेडलं हे घेणाऱ्याला माहीत नाही. तिकडे अजूनही रमजानमध्ये लोक हे करतात. यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे पानं कशीही उघडायची, लायक कोण नालायक कोण हे ठरवायचं कामच कुणाच्या अंगावर नाही. तुझ्या शेजारचीला बोलायला जागाच उरली नसती.

आपल्याकडची माणुसकीची भिंत पण बघ. इराणच्या मशहद शहरात २०१५ मध्ये असं सुरू झालं आणि पुढे कोल्हापूर, अकोला असं करत आपल्याकडे किती गावांत भिंती उभ्या राहिल्या. नको असेल ते लावून जा, हवं असेल ते घेऊन जा. तिथे कुणी टेबल टाकून नावं लिहायला बसलं आणि हार-तुरे घेऊन फोटो सुरू झाले की ती भिंत संपली असं समजायचं, आणि काही ठिकाणी झालंच तसं.

आणि दिवाळीचंच बोलायचं तर २०२२ च्या दिवाळीत सरकारने रेशन दुकानातून आनंदाचा शिधा दिला होता, आठवत असेल तुला, रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि एक लिटर पामतेल, शंभर रुपयांत. त्यावर बरंच राजकारण झालं, काही ठिकाणी शिधा उशिरा पोचला, ते सगळं मान्य. पण तो शिधा कुणी रागाने परत आणून आपटला का? नाही, कारण कार्डावर आपलं नाव होतं आणि शंभर रुपये मोजून दिले होते. पुण्यात मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांची दि पूना मर्चंट्स चेंबर दर दिवाळीत लाडू आणि चिवडा ना नफा ना तोटा दराने विकते, तिथल्या रांगेत बंगल्यातली माणसं पण असतात आणि त्यांच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी पण, दोघांच्या पिशवीत तीच पाकिटं. भाव सगळ्यांनाच कमी आहे म्हटल्यावर कुणाला कमी पडतंय हे शोधायचा प्रश्नच येत नाही. खरं म्हणजे तुझ्या दुकानाच्या मालकाला कुणीतरी हे सुचवायला हवं, दिवाळीच्या पाच दिवसांत फराळाच्या चार-पाच गोष्टी खरेदीच्या भावात, सगळ्यांना, माणशी अमुक किलो. काकांसारख्यांना द्यायचेच असतील तर त्यांनी त्या फरकात घालावेत.

पण मालक ऐकेल तेव्हा ऐकेल. तुझ्या हातात आत्ता काय आहे ते बघ, आणि ते पैशापेक्षा जास्त आहे असं मला तरी वाटतं.

तू लिहिलंयस की आयटम कॅन्सल करायला सुपरवायझरची चावी लागते म्हणून तुम्हाला ओरडावं लागतं, “सर, कॅन्सल!” आणि अख्खी रांग वळून बघते. मला त्या आजींच्या जागी उभं राहून ते दोन शब्द ऐकू आले. आजींना कमी पडलेल्या पैशांपेक्षा तो ओरडा जास्त लागत असणार. तर मग कॅन्सल करायची वेळच येऊ द्यायची नाही. ट्रॉलीतून हाताला येईल ते स्कॅन करण्याऐवजी आधी तेल, साखर, रवा, मैदा, बेसन, डाळं, पोहे हे घे, सुकामेवा, साबण, अत्तर, दिवे हे मागे ठेव. मधे एकदा सहज सांग, “मावशी, चारशे सत्तर झाले हं, आता काजू घेऊ ना?” बस. तिला थांबायचं असेल तर ती म्हणेल “राहू दे आता एवढंच,” आणि मागच्यांना वाटेल झालं बिल. ज्यांना काही फरक पडत नाही ते म्हणतील घ्या घ्या. हे सगळ्यांनाच विचारायचं, चेहरा बघून नाही. तरी अडलंच तर बिल होल्डवर टाकता येतं का बघ, बहुतेक मशीनवर येतं, पुढच्याचं बिल कर, तोवर त्या बाजूला जाऊन पिशवीत बघतील, घरी फोन करतील, काय कमी करायचं ते ठरवतील. सुपरवायझरला पण सांग की दिवाळीच्या गर्दीत चावी घेऊन काउंटरच्या मागेच उभे राहा, ओरडायला लागणार नाही. यात त्यालाच सोयीचं आहे, रांग लवकर सरकते.

एक किलोच्या पुड्याऐवजी अर्ध्या किलोचा आहे हे सांगणं, ब्रँडचं बेसन आणि तुमच्याच दुकानाच्या पॅकिंगचं बेसन यातला फरक सांगणं, दोनवर एक फ्री आहे पण तुम्हाला एकच लागत असेल तर ही दुसरी कंपनी स्वस्त पडेल हे सांगणं. स्कीमच्या नादाने लोक नको ते घेतात आणि काउंटरला येऊन अडकतात, तू हे रोज बघतेस. रॅकवर उभ्या असलेल्या मुलांनी हे सांगितलं तर आणखी बरं. मालकाला आवडेल का माहीत नाही, पण गिऱ्हाईक त्याच मुलाला शोधत परत येतं एवढं नक्की.

आता काकांसारखं काही करायची ज्यांची इच्छा आहे त्यांच्यासाठी, कारण हे सदर असे बरेच काका-काकू वाचतात. काउंटरवरच्या पोरीच्या हातात पाकीट देऊ नका. सुपरमार्केट असेल तर मालकाला किंवा मॅनेजरला भेटा, दुकानाची गिफ्ट कूपन्स मिळत असतील तर शंभर-दोनशेची घ्या आणि ती शाळेतल्या शिक्षकांकडे, अंगणवाडी सेविकेकडे, आशाताईंकडे द्या, कुणाच्या घरी काय आहे हे त्यांना वर्षभर माहीत असतं आणि त्या ते काउंटरवर बोलत नाहीत. कूपन घेऊन आलेला माणूस रांगेत इतर कूपनवाल्यांसारखाच दिसतो. गल्लीतलं किराणा दुकान असेल तर उधारीची वही आहेच. पण त्यात एक मेख आहे. उधारी तुम्ही भरलीत की पहिला फायदा दुकानदाराचा, त्याचे बुडीत निघालेले पैसे वसूल होतात. म्हणून घासाघीस करा, लाजू नका, म्हणा मी दोन हजार भरतो, शेठ तुम्ही पण वरचे पाचशे सोडा. नावं विचारू नका, छोटी आणि जुनी खाती घ्या, पैसे ऑनलाईन भरा म्हणजे नोंद राहते. गिऱ्हाईकाला दुकानदाराने एवढंच सांगायचं की खातं मिटलंय. लक्ष्मीपूजनाला वही पूजेला मांडायच्या आधी हे झालं तर चांगलंच, नवीन वहीत जुनी बाकी ओढायला लागत नाही. आणि हे करून व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘नाव न सांगता एक छोटासा उपक्रम’ म्हणून टाकू नका, प्लीज, कुणाला उद्देशून बोलतेय ते ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आता तुझा खरा प्रश्न, दिवाळीतला चांगुलपणा खोटा का.

तुझ्या भागात दिवाळीच्या तोंडावर काय काय होतं बघ. साखर कारखान्याचा दिवाळी हप्ता येतो, दूध संघाचं फरक बिल येतं, नोकरीवाल्यांचा बोनस, मुंबई-पुण्याची पोरं घरी येतात आणि आईच्या हातात दोन-चार हजार ठेवतात. माणसाच्या खिशात वर्षातून एकदा सुटे पैसे असतात, मन मोठं असतं. त्यात सणाची एक सवलत असते. एरवी रांगेत मागच्याने पुढच्याचं बिल भरलं तर लोक विचारतील, का रे बाबा, तुझा काय संबंध? दिवाळीत कुणी काही विचारत नाही. त्या डिलिव्हरीवाल्या मुलाच्या मनात एप्रिलमध्ये पण हेच येत असेल, पण बोलायचं कसं म्हणून तो गप्प बसत असेल. आठ दिवसांनी हप्ता संपतो, पोरं परत जातात, भाऊबीजेच्या ओवाळणीत राहिलेले गेलेले असतात, आणि मग तोच माणूस तुझ्याशी कॅरीबॅगवरून भांडतो. त्याला त्या पाच रुपयांचं काही नसतं, त्याला वाटतं दुकान आपल्याला फसवतंय, आणि दुकान म्हणजे त्याच्यासमोर तू उभी असतेस. भांडण चुकीचंच, पण त्यामुळे आधीचं देणं खोटं ठरत नाही. पुरणपोळी रोज होत नाही म्हणून होळीची खोटी म्हणतो का आपण?

माझा आक्षेप दुसरा आहे. दिवाळीत जो देतो तो खोटं देत नाही, पण तो आपल्या सोयीच्या वेळी देतो, आणि घेणाऱ्याची अडचण त्या वेळेला बांधलेली नसते. तुमच्याकडे दिवाळी आटोपते न आटोपते तोच गळीत हंगाम सुरू होतो, बीडकडून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बैलगाड्या, ट्रॅक्टर, लहान पोरं सगळं घेऊन, उचल आधीच खर्च झालेली असते. त्यांची वाणसामानाची खरेदी मार्गशीर्षात, पौषात, थंडीत असते. तेव्हा तुझ्या काउंटरवर कुणी पाकीट आणून देतं का? जूनमध्ये शाळा उघडतात, त्या आठवड्यात वह्यांच्या रॅकसमोर आया कशा उभ्या असतात ते बघितलंयस का, एक पुस्तक उचलून किंमत बघून परत ठेवतात. काका भेटले तर त्यांना हे सांग. आता दिवाळी झाली, १३३० आहेत तसे राहू देत, आणखी घालायचे असतील तर जूनमध्ये घाला, शाळेच्या मुख्याध्यापिकेला विचारून वह्या घेऊ. ते नाही म्हणाले तर पैसे त्यांचे, त्यांना परत. तुला जे योग्य वाटेल ते त्यांच्या पैशाने करायचा तुला अधिकार नाही, हे जरा कडक वाटेल पण आहे तसं आहे.

आणि समज काका महिनाभर आलेच नाहीत तर? नेहमीचे आहेत ना, मेंबरशिप कार्डावर त्यांचा नंबर असेल, पण तो तू स्वतः काढून फोन करू नकोस, मॅनेजरला करायला सांग. त्यांची तब्येत बरी नसेल, मुलाकडे गेले असतील. काहीही असो, हिशोबाचा कागद तयार असला की तुझ्या डोक्याला ताप नाही.

राहता राहिली ती अर्धी ओळ. “पण ते जाऊ दे.” का जाऊ दे गं?

तू पूर्ण पत्रात दुसऱ्यांना काय मिळालं, कोण रडलं, कोण रागावलं हे लिहिलंस, आणि स्वतःबद्दल एवढंच, तेही पुसून टाकल्यासारखं. मधे एका ठिकाणी आलंय की धनत्रयोदशीला सकाळी नऊला उभी राहिलीस ते रात्री साडेदहाला शटर पडेपर्यंत, आणि घरी गेल्यावर पायाला सूज होती, पहिल्या अंघोळीला तेल लावून घ्यायला पण त्राण नव्हतं. वॉचमनला, पेपरवाल्याला, कचरा उचलणाऱ्या ताईंना लोक दिवाळीची पोस्त देतात, बिलिंगच्या मुलींना कुणी देत नाही, कारण त्या एसीत उभ्या असतात आणि युनिफॉर्ममध्ये असतात म्हणून त्यांना सगळं मिळतच असेल असं आपण धरून चालतो. वाचणाऱ्यांनी पुढच्या वर्षी निदान दुकान बंद व्हायच्या पाच मिनिटं आधी भरलेली ट्रॉली घेऊन जाऊ नये, तेवढी दया पुरे.

पण पोस्त आणि दया हा एक भाग, हक्काचं वेगळं. सोनपापडीचा बॉक्स म्हणजे बोनस नव्हे. बोनसचा कायदा १९६५ पासूनचा आहे, आता तो नव्या वेतन संहितेत गेलाय, पण मूळ गोष्ट तीच, वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ठरलेल्या पगार मर्यादेतल्या आणि वर्षात किमान तीस दिवस काम केलेल्या माणसाला कमीत कमी ८.३३ टक्के बोनस. मर्यादा इतकी वर्षं महिना २१ हजार होती, तू लिहिलेला पगार त्याच्या बराच खाली आहे. जुन्या हिशोबाने बोनस मोजताना महिना ७ हजारच पगार धरला तरी वर्षाचा बोनस साधारण ७ हजार होतो. दुकान नवीन असेल तर सुरुवातीच्या काही वर्षांसाठी सूट असते, म्हणून आधी माहिती काढ, एकदम भांडायला जाऊ नकोस. तुझी नेमणूक दुकानाकडून आहे की कंत्राटदाराकडून हे पगाराच्या स्लिपवर बघ, स्लिप देत नसतील तर बँकेत पैसे कुणाच्या नावाने येतात ते बघ. दिवाळीतल्या त्या जादा तासांचं पण विचार, ओव्हरटाईम दुप्पट दराने असतो. एकटी जाऊ नकोस. तुझ्यावर बोलली ना ती शेजारच्या काउंटरवाली, तिला पण सोनपापडीच मिळालीये, तिला बरोबर घे. गोडीत, लेखी, दोघी-तिघींच्या सह्यांचा साधा अर्ज द्या, एक प्रत आपल्याकडे ठेवा. नाहीच ऐकलं तर साताऱ्याला सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन विचारता येतं, त्याला वकील लागत नाही.

हिशोबाचं वर्ष ३१ मार्चला संपत असेल तर बोनस आठ महिन्यांत, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत द्यायचा असतो. अर्ज या आठवड्यातच टाक.